मग त्याची आई कुठे असते?

एम्परर पेंग्विनच्या चित्रफिती दाखवते तेव्हा इंदूरात, रामबागेत असो की एखाद्या शाळेत, हा प्रश्न हमखास येतो: “काकू, बाप बिचारा थंडीत अंडं सांभाळत उभा, आणि आई कुठे निघून गेली?” प्रश्नात थोडी नाराजी असते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. बापाचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्यापायी आईवर अन्याय नको.

ती जाते समुद्रावर, खायला. मे-जूनमध्ये अंटार्क्टिकाच्या गोठलेल्या समुद्रावर ती एकच अंडं घालते, 450 ग्रॅमच्या आसपास वजनाचं. तोवर दीडएक महिना तिच्या पोटात अन्नाचा कण गेलेला नसतो. अंडं तिच्या पायांवरून नराच्या पायांवर जायला हवं, तेही बर्फाला फार वेळ न टेकता, नाहीतर आतला जीव गोठतो. दोघं समोरासमोर उभी राहतात, ती पाय बाजूला घेते आणि तो चोचीने अंडं आपल्या पायांवर ओढून पोटाखालच्या कातडीच्या घडीत घेतो. नवख्या जोडप्यांचं अंडं कधी इथेच हातचं जातं.

मग तिची वाटचाल सुरू होते, कधी चालत, कधी पोटावर घसरत. उघडं पाणी काही वेळा 100 किलोमीटरवर असतं, आणि दक्षिणेतला हिवाळा म्हणजे जवळपास अंधारच. समुद्रात मासे, क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव), माकोळ यांवर ती पुन्हा अंग धरते. या जातीचे पक्षी 500 मीटरहून खोल बुड्या मारतात.

परतल्यावर हजारोंच्या थव्यात आपला नर शोधायचा. घरटं नाही, ठरलेली जागा नाही, ओळख फक्त आवाजाची. यांच्या स्वरयंत्रातून एकाच वेळी दोन स्वर निघतात, आणि प्रत्येकाची जोडणी वेगळी. मला हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

अंडं उबायला 65 दिवसांच्या आसपास लागतात. आईला उशीर झालाच तर उपाशी बाप अन्ननलिकेतून पाझरणारं दह्यासारखं द्रव्य पिल्लाला भरवतो, पण त्यावर थोडेच दिवस निभतात. पोटभर घास आईच आणते. ती आली की पिल्लू तिच्या पायांवर, आणि चारएक महिन्यांच्या उपासानंतर नर समुद्राकडे. पुढे दोघांच्या पाळ्या.

म्हणून मला काळजी त्यांच्या पायांखालच्या बर्फाची वाटते. पिल्लांना पाणी न शोषणारी पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, तो टिकायला हवा. 2022 साली अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो त्याआधीच फुटला आणि तिथल्या पाचांपैकी चार वसाहतींत त्या वर्षीचं एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.