पुस्तकांचं बिऱ्हाड

आमचं लहानपण पुण्यात, शनिवार पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं. वाड्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: भिंत मालकाची, तिच्यावरचा खिळा आपला. आणि खिळा ठोकायच्या आधी विचारायचं. त्यामुळे असेल, पण जुन्या इमारतीतलं वाचनालय पाहिलं की मला आधी कमानी-खांब दिसतच नाहीत. हे बिऱ्हाड इथं किती वर्षं आहे आणि मालकाशी त्याचं बरं आहे ना, हेच मनात येतं.

विश्रामबागवाड्यात मी पहिल्यांदा गेले ती भावाला डबा द्यायला. तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला तिथल्या शासकीय ग्रंथालयात बसायचा. बाहेर तुळशीबागेची गर्दी, रिक्षांची कचकच. आत सगळी पोरं माना खाली घालून बसलेली. भावानं डबा घेतला आणि 'जा आता' असा हात केला. मी मात्र खांबच बघत राहिले. सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब, वर केळफुलांची नक्षी. एवढं मन लावून केलेलं काम पुस्तकांसाठी नव्हतं, हे उघडच होतं.

दुसऱ्या बाजीरावानं हा वाडा स्वतःला राहायला बांधला, १८०७च्या सुमारास. म्हणजे मालकाला स्वतःच्या घरात जेमतेम दहा-अकरा वर्षं मिळाली. १८१८ला पेशवाई गेली, श्रीमंत ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, गेले आणि वाडा भाडेकरूंना मोकळा झाला. १८२१ला संस्कृत पाठशाळा आली. १८७९च्या मे महिन्यात बुधवार वाडा जळून गेला, तेव्हा आग या वाड्यालाही लागली. पण वाडा पुन्हा उभा राहिला आणि बिऱ्हाडं येतच राहिली; पुढे नगरपालिकेची कचेरीही आली. हिशेब मांडला तर या घरात सगळ्यांत कमी राहिलेल्यांत खुद्द मालकच निघतील. वाड्याला नाव मात्र त्यांचंच. भाडेकरूचं नाव कधी वाड्याला लागत नाही, हे आमच्या आईचं जुनं दुखणं.

वाचनालयाची कल्पना पुण्यात रुजली ती १८४८ साली, 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी'च्या रूपानं. लोकहितवादी तिच्यामागे होते. आज तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतात. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तीही दुसऱ्याच्या वाड्यातच. या शहरात नवं काही करायचं तर आधी कुणाच्या तरी वाड्यात जागा मागायची, अशी रीतच दिसते. (मिळाली तर नशीब, टिकली तर फारच नशीब.)

आता वाडा ही काही पुस्तकं ठेवायची जागा नव्हे. चौकात पाऊस पडतो, भिंतीला ओल धरते, माळ्यावर उंदीर असतात. आमच्या पेठेतल्या वाचनालयात जुन्या कपाटांत पुस्तकांमागे वेखंडाच्या कांड्या असायच्या. दार उघडलं की वेखंड, डांबराच्या गोळ्या आणि जुना कागद असा तिहेरी वास यायचा. कसर तरीही लागायचीच. एका कादंबरीची पन्नासेक पानं तिनं अशी नेमकी भोकसली होती की नायिकेचं नाव जिथं जिथं यावं तिथं भोक. देवघेव विभागातल्या ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, "वाचता येतंय ना? मग न्या."

या ताई मोठ्या तिखट. एकदा मी तेच पुस्तक चौथ्यांदा नवं करून मागितलं. ताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आता पाठच करा, म्हणजे आम्हाला परत मिळेल." समासात पेन्सिलीनं शुद्धलेखन सुधारणाऱ्या आजोबांवर मात्र त्यांचा लोभ होता. पुण्यातल्या वाचनालयात पुस्तक वाचून झालं की ते तपासायचं असतं, अशी काहींची समजूत असते. आजोबा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि तारीख घालायचे.

पण मला सगळ्यांत लोभ शिक्क्यांचा. वाचनालयाचं पुस्तक दोन ठिकाणी शिक्का खातं: एक आतल्या नावाच्या पानावर, सगळ्यांना दिसेलसा, आणि दुसरा मधल्या एका ठरलेल्या पानावर. हे गुप्त पान. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी मधला शिक्का चोराला पकडून देतो. प्रत्येक वाचनालयाचं गुप्त पान वेगळं, आणि ते बाहेरच्याला सांगायचं नाही. ताईंनी मला सांगितलं तेव्हा मी बारावीत होते. अजून कुणाला बोलले नाही.

तर त्या गुप्त पानावरून बिऱ्हाडं मोजता येतात. आमच्या वाचनालयातलं एक जुनं निबंधांचं पुस्तक परवा हातात आलं. पहिला शिक्का जांभळा, फिकट, पत्ता पेठेतल्या वाड्याचा. त्याच्या खाली, जरा तिरका, दुसऱ्या वाड्याचा. पहिला वाडा पडला तेव्हा कपाटं हातगाडीवरून इकडे आणली होती. एका कपाटाचं दार चौकात निखळलं, ते मला आठवतं. आता हाही वाडा बिल्डरकडे गेला आहे. मालकांनी नव्या इमारतीत वाचनालयाला जागा द्यायचं कबूल केलं आहे, आणि तोवर ते गल्लीच्या टोकाच्या एका पार्किंगमध्ये आहे.

मी पुस्तक नोंदवायला दिलं. ताई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आहे. त्यानं दाखल क्रमांक बघितला, पानं भराभरा उलटली आणि बरोबर त्याच पानावर थांबला. मग खणातून नवा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि त्या दोघांच्या खाली मारला. जागा कमी होती, तरी बसला.

"अजून एक मावेल का हो खाली?" मी विचारलं.

तो पान डोळ्यांशी नेऊन बघू लागला. "आडवा नाही मावणार," म्हणाला, "उभा मारला तर."