सदरलँडच्या रात्री: त्रिशंकू, अगस्ती आणि डोक्यावरचं मूळ

दक्षिण गोलार्धात आकाशदर्शनाला कधी जावं असं कुणी विचारलं, तर मी एप्रिल-मे सांगते. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो, तेव्हा तिथे पानगळ असते. रात्री लांब होत जातात आणि एकाच रात्रीत मृग मावळताना नि आकाशगंगेचं केंद्र माथ्यावर चढताना, दोन्ही बघायला मिळतं.

आम्ही दक्षिण आफ्रिकेतलं सदरलँड निवडलं, तेही अमावास्येच्या मागेपुढे. केप टाउनहून सुमारे ३७० किलोमीटर. वाटेत हेक्स रिव्हर खोऱ्यातले द्राक्षमळे लालभडक झाले होते, आणि त्यानंतर कारूचा उजाड माळ सुरू झाला. खुरटी झुडपं, लांबवर टेकड्या, मैलोन्‌मैल घर नाही. हवा कोरडी आणि दिवे नाहीत, म्हणूनच वेधशाळा इथे आली.

दिवसा ‘सॉल्ट’ पाहिली. ही प्रचंड दुर्बीण २००५ पासून काम करते आहे. तिचा आरसा षटकोनी ९१ तुकड्यांचा, सुमारे ११ मीटर रुंद. तो उभ्या रेषेपासून ३७ अंशांवर कायमचा कललेला असतो. दुर्बीण फक्त गोल फिरते आणि तारा सरकेल तसं वरचं उपकरण त्याचा माग काढतं. सॉल्टच्या भागीदारांत आपल्या पुण्याची आयुका ही खगोल-संशोधन संस्था आहे, हे तिथे उभं राहून ऐकताना ऊर भरून आला. पुण्यातून क्षितिजाखाली राहणारं आकाश पुण्याचे शास्त्रज्ञ इथून वाचतात.

रात्री मात्र आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं. आठच्या सुमारास पश्चिमेला मृग डोकं खाली करून निघाला होता, व्याध त्याच्या वर. नैर्ऋत्येला अगस्ती चांगला उंच. विंध्याला वाकवून दक्षिणेला गेलेले आणि कधीच न परतलेले अगस्ती ऋषी! आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या धुरकटात दिसणारा हा तारा इथे स्वच्छ, स्थिर पांढरा होता. त्याच्या खाली, दक्षिणेकडे, मॅजेलनचे दोन ढग. आधी मला खरेच ढग वाटले, पण ते हलेनात. या आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिका आहेत. लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१-५२ मध्ये केप टाउनहून सुमारे दहा हजार ताऱ्यांच्या नोंदी केल्या आणि मोठ्या ढगाजवळच्या ताऱ्यांना टेबल माउंटनचं नाव दिलं. त्या डोंगरावर पसरणारा ढग केप टाउनला आम्ही पाहिला होता, त्यामुळे ते नाव लगेच पटलं.

साडेदहाला त्रिशंकू, म्हणजे क्रूसासारखा दिसणारा चार ठळक ताऱ्यांचा समूह, जवळपास ६० अंश उंच आला. पुण्याहून तो फार तर दहा-पंधरा अंश वर येतो आणि त्याच्या पायथ्याचा तारा तर जेमतेम आठ-नऊ अंशांवर. इंद्राने ढकललेला, विश्वामित्रांनी अधांतरी थोपवलेला हा राजा इथे दिमाखात उभा होता. इथे ध्रुवतारा नाही. दक्षिण ध्रुवापाशी ठळक ताराच नाही. त्रिशंकूची लांब बाजू तिच्या साडेचार पट पुढे वाढवायची, म्हणजे ध्रुवाची जागा सापडते. शेजारी काळाकुट्ट कोळशाचा खड्डा, तो धुळीचा मेघ. जवळच ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) हा तारा, ४.३७ प्रकाशवर्षांवर. थॉमस हेंडरसन यांनी त्याचं अंतर काढलं ते १८३२-३३ मध्ये केपला घेतलेल्या वेधांवरून.

मग पर्यटकांसाठी ठेवलेल्या दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. डोळ्यांना धूसर ठिपका, दुर्बिणीत रांगोळी सांडल्यासारखे असंख्य तारे. पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिले.

कारूच्या जुन्या सान लोकांची एक कथा आहे. एका मुलीने चुलीतली राख आकाशात उधळली आणि आकाशगंगा झाली, रात्री घरी परतणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. पहाटे साडेतीनला तो पट्टा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत गेला होता आणि वृश्चिकाची नांगी, आपलं मूळ नक्षत्र, अगदी माथ्यावर.

जाणार असाल तर रात्रीच्या आकाशदर्शनाची नोंदणी आधीच करा, संशोधनाच्या दुर्बिणीतून बघायला मिळत नाही हे लक्षात ठेवा, आणि जाड लोकरीचे कपडे घ्या. किमान दोन रात्री राहाच, कारण एखादी ढगांत जाऊ शकते.