माळ्यावरची खोकी

आमच्या धंद्याची सुरुवात मोडतोडीतून झाली, हे आधीच सांगून टाकतो. आज इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या एका गाळ्यात आम्ही चौघं जुन्या स्पोर्ट्स कारच्या फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल मोजून दाबानं इंजिनात मारणाऱ्या यंत्रणेची, दुरुस्ती करतो. पण पहिली सहा-सात वर्षं हीच इंजेक्शनं काढून टाकायचे आम्ही पैसे घेत होतो. गिऱ्हाईक ट्रायम्फ टीआर६ घेऊन यायचं. गाडी काळा धूर सोडते, सिग्नलला आचके देते, हे झेंगट काढा आणि वेबरचे कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीवर पेट्रोल खेचून घेणारी जुनी पद्धत) बसवा. आम्ही शनिवारपर्यंत बसवून द्यायचो. निघालेलं सामान माझा भागीदार खोक्यात भरायचा, वर गाडीचा नंबर लिहायचा आणि माळ्यावर टाकायचा. मी त्याला भंगारवाला म्हणून चिडवायचो.

माझं शिक्षण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या पंप-नोझलच्या दुकानात झालं. उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रक-ट्रॅक्टरचे डिझेल पंप घेऊन माणसं सकाळपासून दारात बसलेली असायची. मामा पंप खोलायच्या आधी ड्रायव्हरचा जीव खायचा. फिल्टर कधी बदललास, कॉम्प्रेशन बघितलंस का, तेल किती पितोय. मी पाना घेऊन पुढं सरसावलो की म्हणायचा, "पंपाला काय धरून बसलायस? आधी इंजन बघ की." मला वाटायचं, मामा उगाच वेळ काढतोय.

भागीदार इथलाच. तरुणपणी ट्रायम्फच्या कॅनली कारखान्यात फिटर होता. ट्रायम्फच्या इंजेक्शनमधलं ल्यूकस कंपनीचं मीटरिंग युनिट, म्हणजे पेट्रोल मोजून देणारा भाग, पहिल्यांदा त्यानंच मला उघडून दाखवलं. आत एक फिरती पोकळ दांडी, आणि त्या पोकळीत मोकळा पुढे-मागे धावणारा इवलासा तुकडा. इंग्रजीत त्याला शटल म्हणतात. मला थेट इचलकरंजीच्या मागावरचा धोटा आठवला. डिकीतला पंप पेट्रोल सुमारे १०० पीएसआय दाबानं पाठवतो. तो दाब धोट्याला एका टोकाला ढकलतो, तेवढं पेट्रोल एका सिलिंडरला जातं. दांडी फिरली की उलट बाजूनं धक्का, दुसऱ्या सिलिंडरला तेवढंच. धोट्यानं किती अंतर धावायचं हे एक सरकता अडसर ठरवतो, आणि तो अडसर हलतो मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या नळीतल्या, व्हॅक्यूमवर. इतकी साधी, इतकी हुशार रचना मी तोवर पाहिली नव्हती. आणि आम्ही ती आठवड्याला एक या हिशेबानं उपटून काढत होतो!

मग ती बदनाम का झाली? एक कारण डिकीतलंच. तो इलेक्ट्रिक पंप वायपरच्या मोटरवर बेतलेला होता. उन्हाळ्यात, टाकी पाव भागाच्या खाली गेली की तो तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रडायला लागायची. आज बहुतेक जण तिथं बॉशचा पंप लावतात आणि तो प्रश्न मिटतो. दुसरं कारण मला उशिरा कळलं. सुरुवातीच्या १५० हॉर्सपॉवरच्या टीआर६चा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तापट आहे, म्हणजे वरच्या वेगातल्या ताकदीसाठी बनवलेला. असं इंजिन आयडलिंगला धड व्हॅक्यूमच देत नाही. अडसर हलणार व्हॅक्यूमवर, आणि व्हॅक्यूम डळमळीत. मग धोटा बिचारा काय मोजणार? १९७२च्या अखेरीस टीआर६ला सौम्य कॅमशाफ्ट आला. कागदावरचा आकडा १२५च्या आसपास उतरला आणि लोकांनी नाकं मुरडली. आमच्याकडे मात्र नीट वागणाऱ्या गाड्या त्याच असतात.

आकड्यांचं सांगतोच. गिऱ्हाइकाला आवडणारी तुलना अशी: १९६७ची टीआर५, अडीच लिटर, इंजेक्शन, १५० हॉर्सपॉवर. तेच इंजिन अमेरिकेत टीआर२५० म्हणून गेलं, दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर लावून, आणि तिथं आकडा शंभराच्या थोडा वर. म्हणजे इंजेक्शननं चाळीसेक हॉर्सपॉवर दिली? मुळीच नाही. टीआर५चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.५ होतं, अमेरिकन गाडीचं ८.५, आणि कॅमशाफ्टही वेगळा. या फरकाचं निम्मं श्रेयसुद्धा मी इंजेक्शनला देणार नाही.

खरी तुलना बघायची तर बीएमडब्ल्यू २००२ घ्या. साधी गाडी १०० हॉर्सपॉवरची. दोन सोलेक्स कार्ब्युरेटरवाली टीआय १२०, आणि १९७१ची कुगेलफिशर इंजेक्शनवाली टीआयआय १३०. तीसचा फरक सगळे सांगतात, पण बरोबरीची जोडी शेवटची दोन, आणि त्यांच्यातही कॉम्प्रेशन थोडं वाढवलेलं. पोर्शे ९११ एसचं तेच. वेबरवर १६०, १९६९च्या मॉडेलपासून बॉशच्या यांत्रिक इंजेक्शनवर १७०. दहा हॉर्सपॉवरसाठी एवढा महागडा पंप! पण चालवून बघा. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की इंजिन लगेच ओढतं, वेबरसारखं आधी घशात अडकत नाही. हा फरक कुठल्याही कॅटलॉगच्या आकड्यात सापडायचा नाही.

९११चा पंप पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. हा तर आमच्या उद्यमनगरातलाच गडी! प्लंजर, बॅरल, रॅक, सगळं ओळखीचं, फक्त तीन-तीन प्लंजरच्या दोन रांगा. पेट्रोल डिझेलसारखं वंगण देत नाही, म्हणून त्याला इंजिनाचं तेल पुरवलेलं. आत एक उंचसखल शंकू असतो. थ्रॉटल आणि इंजिनाचा वेग, दोघं मिळून त्या शंकूवरची जागा ठरवतात आणि तितकं पेट्रोल सुटतं. व्हॅक्यूमचा संबंध नाही, म्हणून कॅमशाफ्ट कितीही तापट असला तरी हा डळमळत नाही. पण शंकू एकाच जातीच्या इंजिनासाठी घासलेला असतो. ते इंजिन झिजलंय हे त्याला कळायला मार्ग नाही.

आणि मलाही कळलं नाही. एक ९११ ई आली होती, मधल्या वेगात अडखळणारी. मी पंपच शिकलेला माणूस, सरळ पंपाला भिडलो. मिश्रण गडद केलं, अडखळणं गेलं, गिऱ्हाईक खूश. चार महिन्यांनी ते परत आलं ते टोचन करून. खरा दोष थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यांत होता. तिथून हवा शिरत होती आणि मी ती पेट्रोल ओतून झाकली होती. जादा पेट्रोल सिलिंडरवरून खाली तेलात उतरलं, तेल पातळ झालं, बेअरिंग गेले. इंजिन आम्ही आमच्या खर्चानं बांधून दिलं. ते वर्ष बायकोच्या पगारावर निघालं. त्या रात्री मामाला फोन केला. तो फक्त "मग?" म्हणाला.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब धरतात का), व्हॉल्व्ह, इग्निशन, थ्रॉटलचा समतोल, कोनमापक लावून दांड्यांचे कोन, आणि मिश्रण सगळ्यात शेवटी. पोर्शेची स्वतःची पद्धतही अशीच होती. मी वाचली नव्हती, एवढंच. पुढे कर्ज काढून जुना डिझेल टेस्ट बेंच घेतला. काचेच्या नळ्यांत सहाही प्लंजरचं माप शेजारी शेजारी दिसतं तेव्हा गिऱ्हाइकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मधल्या काळात जुन्या गाड्यांचे भाव चढले आणि वारं फिरलं. मूळ इंजेक्शनवाल्या गाडीला जास्त पैसे मिळू लागले, आणि ज्यांनी काढून घेतलं होतं तेच परत बसवायला येऊ लागले. माळ्यावरच्या खोक्यांना तेव्हा लक्ष्मीचा हात लागला. तीन गाड्यांना त्यांचंच सामान परत मिळालं, कारण भंगारवाल्यानं नंबर लिहून ठेवले होते. त्याला चिडवण्याचा हक्क मी तेव्हाच गमावला. सप्टेंबर २०२१मध्ये इथं ई१० पेट्रोल, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आलं. इथेनॉलनं जुनी रबरी सीलं फुगायला लागली आणि ल्यूकसच्या कामात आणखी भर पडली. आता आम्ही सगळी सीलं व्हायटॉनची, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची, घालतो.

मर्सिडीज ३०० एसएलचा पंप बेंचवर एकदाच आला. १९५२च्या रेसिंग गाडीला कार्ब्युरेटरवर साधारण १७० हॉर्सपॉवर, आणि १९५४ची रस्त्यावरची गाडी थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारून २१५. शर्यतीच्या गाडीहून विकायची गाडी ताकदवान! खोट एकच. चावी फिरवून इग्निशन बंद केलं तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारतच राहतो, आणि ते सिलिंडरचं तेल धुऊन काढतं. ते काम करताना मला माझी ९११ सारखी आठवत होती.

व्होल्वो १८०० ईसारख्या डी-जेट्रॉनिकच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक गाड्या आम्ही घेत नाही. ती डबी उघडून त्यातलं आम्हाला काही कळत नाही, आणि शिकायला गिऱ्हाइकाची गाडी वापरायची नाही असं ठरलंय. बाकी कुणाला पंप पाठवायचा असेल तर नुसता पंप पाठवू नका. दांड्या, थ्रॉटल, नळ्या, इंजेक्टर, सगळं एकत्र पाठवा. आणि आधी कॉम्प्रेशन मोजून त्याचा कागद सोबत घाला. कागद नसला तर खोकं उघडत नाही, बाजूला ठेवतो.