तुम्ही विचारलंत म्हणून : वळण्याआधीची दोन पावले

पर्वतीच्या पायथ्याजवळ एका शाळेच्या मैदानावर मी एकोणीस वर्षे मुलामुलींना खो-खो शिकवते आहे, आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तसा पाहिला तर खो-खोचा नाही. मुलीला निवड चाचणीला उतरवणारी आई तो विचारते, बालेवाडीच्या टर्फवर शनिवारी रात्री फुटबॉल खेळून सोमवारी कठडा धरून जिना चढणारे तिशी-चाळिशीतले गृहस्थ विचारतात, आणि हल्ली बॅडमिंटनवालेही विचारतात : जोरात पळताना एकदम थांबायचे, वळायचे, पुन्हा सुटायचे आणि तरी गुडघा शाबूत ठेवायचा, हे जमवायचे कसे? मैदानाच्या कडेला उभ्याने, एक डोळा घड्याळावर ठेवून दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

मला स्वतःला हा प्रश्न बाविसाव्या वर्षी पडायला हवा होता. तो तेविसाव्या वर्षी, गुडघा गेल्यावर पडला. आंतरमहाविद्यालयीन सामना होता, संरक्षणाची शेवटची दीड-दोन मिनिटे उरली होती, आणि माझ्यामागे लागलेली मुलगी चांगली दोन हात लांब होती. मी डावीकडे झुकून हुलकावणी दिली आणि उजवीकडे निसटण्यासाठी डावा पाय बाहेरच्या बाजूला लांब टाकला. टाच मातीत रुतली, पंजा समोरच राहिला, कंबर मात्र उजवीकडे वळली, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेला गुडघा आतल्या बाजूला कोसळला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला ऐकू आला. जवळच्या चौकोनात बसलेल्या मुलीलाही तो ऐकू आला होता, असे तिने नंतर सांगितले. मला कोणी हातही लावला नव्हता. पुढची कित्येक वर्षे मी मैदानाला दोष देत राहिले, पण मैदान चांगले होते.

तुटला होता तो एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा अस्थिबंध. नडगी पुढे सरकू नये आणि पिळली जाऊ नये, हे त्याचे काम. तो तुटण्याच्या बहुतेक घटना कोणाचा थेट धक्का न लागता, थांबताना, वळताना किंवा उडीनंतर खाली येताना घडतात. सामन्यांच्या चित्रफिती संथ करून ज्यांनी अभ्यास केला, त्यांना असे आढळले की पाय जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत इजा होऊन गेलेली असते. एवढ्या वेळात चूक लक्षात येऊन ती सावरणे शक्यच नसते. म्हणून वळताना काय करायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर नेहमी वळण्याआधीच्या दोन-तीन पावलांपासून सुरू होते.

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे खरे तर वेगळे सांगायला नको. वळणावर वाळू पसरलेली दिसली की जाणता माणूस वळणाआधीच वेग उतरवतो. वळणाच्या ऐन मध्यात पुढचा ब्रेक दाबणारा आडवा होतो. नवशिका खेळाडू पूर्ण वेगात येतो आणि थांबणे व वळणे ही दोन्ही कामे एकाच लांब पावलात उरकायला पाहतो. लांब पडलेल्या पायाचा गुडघा जवळजवळ सरळ असतो. अशा गुडघ्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ नडगीला पुढे खेचते, आणि तिला मागे धरून ठेवणाऱ्या मागच्या स्नायूंना, म्हणजे हॅमस्ट्रिंगना, त्या कोनातून पुरेसा जोर लावता येत नाही. याउलट शेवटची तीन-चार पावले आखूड केली, खुर्चीवर बसायला जावे तशी कंबर मागे आणि खाली नेली, आणि वेगाचा मोठा हिस्सा शेवटून दुसऱ्या पावलापर्यंत उतरवला, तर वळणाऱ्या पायाच्या वाट्याला दिशा बदलण्याचेच काम उरते. थोडेसेच वळायचे असेल तर इतके थांबावे लागत नाही. पूर्ण उलटे फिरायचे असेल तर मात्र जवळजवळ शून्यावर यावे लागते.

हे डोळ्यांपेक्षा कानांनी तपासणे मला सोपे जाते. मैदानावर फक्कीची रेघ मारायची, मुलींना दहा मीटरवरून पळत येऊन रेघेवर थांबायला सांगायचे, आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. नीट थांबणाऱ्या मुलीची पावले जवळजवळ पडत, हलकी होत विरतात. चुकीचे थांबणारीचे शेवटचे पाऊल "धप्प" वाजते. आठवीतली एक मुलगी रोज "ताई, आज आवाज आला का?" असे विचारत असे. पुढे तिने बूट घासत थांबण्याची युक्ती शोधून काढली. आवाज गेला, पण महिन्याभरात बुटांची टोके झिजली आणि तिच्या आईचा मला फोन आला. तेव्हापासून मी एकदा मागे वळून पाहतेसुद्धा.

प्रत्यक्ष वळताना पाय कमरेपासून फार बाहेर पडू नये, पंजा जायच्या दिशेला थोडा वळलेलाच टेकावा, आणि गुडघा पंजाच्या रेषेत राहावा, आत पडू नये. धड उलट्या बाजूला कलले की गुडघा आत ढकलला जातो, म्हणून छातीही जायच्या दिशेकडे हवी. हुलकावणीत नेमकी हीच अडचण येते, कारण तिथे छाती मुद्दाम खोट्या दिशेला न्यायची असते. म्हणून मी मुलींना खांद्याने आणि नजरेने फसवायला शिकवते. कंबर मात्र पायांच्या वर ठेवायची. सामन्यात दमल्यावर हे सगळे विसरले जाते, त्यामुळे सरावाच्या शेवटी, पाय जड झालेले असतानाही थोडी वळणे घेऊन पाहावीत, पण वेग कमी ठेवून.

पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, हा खो-खोचा नियम त्याचे गुडघे बऱ्याच अंशी वाचवतो. अचानक उलटे फिरण्याचा भार पळणाऱ्यावर येतो. पाठलागात सर्वांत तीव्र वळण खांबापाशी असते, आणि मला ते सर्वांत सुरक्षित वाटते. 120 ते 125 सेंटिमीटर उंचीचा तो खांब हाताने धरला की शरीराला आत खेचण्याचे काम बरेचसे हात करतो, आणि पायांना फक्त पळत राहावे लागते. फुटबॉलवाल्यांना असा खांब मिळत नाही, याची मला खरोखर कीव येते. अर्थात त्याची किंमत खांदा मोजतो, पण तो वेगळा विषय आहे.

सुटण्याबद्दल फार लिहायला नको. चौकोनात बसलेला गडी "खो" मिळाल्यावर आधी ताठ उभा राहतो आणि मग टेकलेल्या पायावर अंग पिळून वळतो, ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्यात वेळही जातो आणि गुडघाही पिळतो. अंग खालीच ठेवून, पहिले आखूड पाऊल जायच्या दिशेला पंजा करून टाकावे, जमीन मागे ढकलावी आणि चार-पाच पावलांत हळूहळू उभे व्हावे. टर्फवरच्या मंडळींनाही हेच लागू आहे.

जमिनीचा विचार मात्र कोणी करत नाही. डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बांधले तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हा खेळ मातीवर, पुष्कळदा अनवाणी खेळला गेला. मातीत पाय थोडा घसरतो, आणि ती घसरण गुडघ्यावरचा पीळ काही प्रमाणात सोडवते. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला पहिला विश्वचषकही मॅटवरच झाला, आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. मॅटवर बूट घट्ट पकडतो, त्यामुळे पळण्याचा वेग वाढतो, पण पंजा अडकून वरचे अंग वळण्याचा धोकाही वाढतो. मातीवर शिकलेल्या मुलीला स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रथमच मॅटवर उतरवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. निदान दोन आठवडे तरी हवेत. टर्फवर लांब खुंट्यांचे फुटबॉलचे बूट घालून उतरणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे असते की आखूड, पुष्कळ खुंट्यांचे बूट घ्या.

"नी-कॅप घालू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घाला, उबेला बरी असते. पण ती अस्थिबंधाचे काम करत नाही. काम करतात ते नितंबांचे आणि मांडीच्या मागचे स्नायू. फिफाने फुटबॉलपटूंसाठी तयार करून घेतलेला "इलेव्हन प्लस" हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात पळणे, एका पायावर तोल सांभाळणे, उड्या, वळणे आणि हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम येतो, आणि तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त असते, तरीही मुलींच्या संघांचे वॉर्म-अप मैदानाला दोन फेऱ्या मारून संपते, हे पाहून मला अजून राग येतो. नॉर्डिकमध्ये जोडीदाराने घोटे धरायचे, आपण गुडघ्यांवर उभे राहून ताठ अंगाने जितके सावकाश पुढे झुकता येईल तितके झुकायचे आणि शेवटी हातांवर पडायचे. पहिल्या आठवड्यात तीन-चारच वेळा करा. दुसऱ्या दिवशी बसता-उठता का सांगितले ते कळेल.

आणि इतके करूनही कधी वळताना आतून आवाज आला, गुडघा निसटल्यासारखा वाटला आणि एक-दोन तासांत सुजला, तर तो मुरगळला आहे असे समजून तेल चोळू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. माझ्या वेळी पहिल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून पंधरा दिवसांत खेळायला सांगितले होते, आणि मी आज्ञाधारकपणे खेळले. त्यात आतली गादीही फाटली. शस्त्रक्रिया झाल्यास निदान नऊ महिने वळणावळणाच्या खेळात परतू नये. नऊ महिने भरले तरी मी लगेच मुलीला संघात घेत नाही. आधी तिला फक्कीच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी थांबायला सांगते, आणि पाठ करून ऐकते. दुखावलेल्या पायाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा आला, की ती आणखी एक महिना माझ्याशेजारी गुणपत्रक भरत बसते.