आर्जिओपी तर खरीच, पण कोणती?

पावसाळा सरत आला की आमच्या पुण्याच्या बागेत तगर आणि कढीपत्त्याच्या मधल्या जागेत मोठी गोल जाळी दिसू लागतात. मधोमध डोकं खाली करून, पाय जोडीजोडीने जुळवून मादी बसलेली असते आणि पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली विणलेली असते. हे सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपी या प्रजातीतले (जीनस) कोळी. इथवर शंका नव्हती. मला त्यातली जात (स्पीशीज) नक्की करायची होती.

एका छोट्या कोळ्याच्या जाळ्यात फुलीऐवजी गोल चकती होती. ही काही वेगळी जात नव्हे. आर्जिओपीची पिल्लं बऱ्याचदा चकतीच विणतात. मोठी मादीही कधी चारही रेघा विणते, कधी दोनच, कधी एकही नाही. म्हणून नक्षीवरून जात ठरवायची नाही, हे मी आधीच ठरवलं. जाळ्याच्या कडेला बसलेला किडकिडा तपकिरी कोळी नर निघाला.

पोटाच्या आकाराने थोडं काम सोपं झालं. आर्जिओपी एम्युलाचं पोट अंडाकृती असतं आणि त्यावर बारीक आडव्या रेघा असतात. आमच्या माद्यांचं पंचकोनी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचं. पण अशा दोन जाती आपल्याकडे आहेत: पुल्चेला आणि अनसुजा. दोन्हींचं वर्णन थोरेल या स्वीडिश कोळीतज्ज्ञानेच केलं, पहिलीचं १८८१ साली, दुसरीचं १८८७ साली. दिसायला इतक्या सारख्या की पाठीच्या फोटोवरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

खात्री पटते ती एपिगाइनवरून. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात असलेला हा जननेंद्रियाचा टणक भाग. शेवटची कात टाकल्यावरच तो पूर्ण घडतो, त्यामुळे लहान माद्या तिथेच बाद झाल्या. जाळं उघडं असल्याने पलीकडून खालची बाजू दिसते. सकाळी वारा नसताना भिंगाची लेन्स लावून फोटो घेतले. जरा धक्का लागला की मादी सगळं जाळं गदागदा हलवते, मग ती थांबेपर्यंत आपणही थांबायचं. फोटोत काळपट, चकचकीत उंचवटा दिसला, पण ज्यावरून जात ठरते त्या एपिगाइनच्या मधल्या पडद्याचा आकार स्पष्ट होईना.

नावासाठी जिवंत मादी मारायची नव्हती. अंडी घातल्यानंतर एक मादी आपोआप मेली, ती सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली. ओळखीच्या प्राध्यापकांनी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक वापरू दिला. शोधनिबंधांतल्या रेखाचित्रांशी पडदा सगळ्या बाजूंनी ताडून पाहिला आणि तो अनसुजाशी जुळला.

माझ्या वहीत अनसुजा हे नाव त्या एकाच मादीपुढे आहे. बाकीच्या सगळ्यांपुढे नुसतं आर्जिओपी, सोबत तारीख, झाड आणि दोन्ही बाजूंचे फोटो.