तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेडनंतर शेल वेगळं का वागतं?

"भाऊ, अपग्रेड केलं आन् कमांड वेगळीच वागून रायली. जुनंच परत टाकू का?" आयटीआयची पोरं, जिनिंगवरचे ऑपरेटर, सेवा केंद्रवाले, सगळेच मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. जुनं परत टाकू नका. तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; ती आता कोण वाचतं, ते आधी बघा.

राळेगाव भागातल्या एका जिनिंगचे संगणक मी सांभाळतो. कापसाची गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन, मग रिकामं वजन, आणि पावती निघते. पावती छापणारी स्क्रिप्ट, म्हणजे बॅश या शेलसाठी लिहिलेल्या कमांडांची फाइल, माझीच. साच्यात @नाव@ असं लिहिलंय, त्या जागी गाडीवाल्याचं नाव बसतं. हंगामाआधी मी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ वरून २४.०४ वर गेलो. चाचणीच्या पावत्या नीट निघाल्या. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली आणि एक व्यापारी पावती घेऊन आत आले. "हे काय छापून रायलं जी?" 'अमुक & सन्स' असं हवं होतं, छापलं होतं 'अमुक @नाव@ सन्स'.

रांगेतल्या शेतकऱ्यांच्या पावत्या बरोबर होत्या, वजनंही बरोबर. पण पावतीवरचं नाव चुकलं की चुकारा अडतो, म्हणून त्या दिवशी व्यापाऱ्यांची नावं हातानं लिहून दिली आणि रात्री बसलो.

एक जुना संगणक अपग्रेड न करता ठेवला होता. तीच फाइल, तेच नाव तिथे चालवलं, पावती बरोबर आली. म्हणजे स्क्रिप्ट तीच, वाचणारा बदललेला. दोन्हीकडे बॅशची आवृत्ती पाहिली: जुन्यावर ५.१, नव्यावर ५.२. मग दोनशे ओळींची स्क्रिप्ट कापत कापत एका ओळीवर आणली, नाव बदलण्याच्या ओळीवर. नावातून & काढलं की बरोबर, घातलं की चूक.

बॅश ५.२ च्या बदलांच्या यादीत कारण सापडलं. मजकूर बदलताना नव्या मजकुरात & आलं, तर त्या जागी जे सापडलं तेच पुन्हा ठेवायचं, अशी सोय या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. मजकूर बदलणाऱ्या सेड या कमांडमध्ये & चा हा अर्थ फार पूर्वीपासून आहे. ही सोय बंद करता येते, आणि तपासायला मी ती बंद करून पाहिलीही. पण तो पर्याय जुन्या बॅशला ठाऊकच नाही, तिथे चूक दाखवतो. म्हणून बदलीच्या जागी असलेल्या नावाच्या चलाला (व्हेरिएबलला) दुहेरी अवतरणचिन्हं घातली. अवतरणातलं & साधं अक्षर राहतं, दोन्ही संगणकांवर. ती चिन्हं मी पहिल्या दिवशीच घालायला हवी होती.

बाकीच्या तक्रारी लवकर सुटतात. चिकटवलेल्या ओळी उजळून दिसतात आणि एंटर दाबेपर्यंत चालत नाहीत? बॅश ५.१ पासून तसंच आहे, आणि मला ते आवडतं. व्हॉट्सअॅपवरून आलेली कमांड चालण्याआधी एकदा वाचता तरी येते. फाइलच्या नावाभोवती अवतरणं दिसतात? नाव बदललेलं नाही. नावात मोकळी जागा असली की फायलींची यादी देणारी एलएस कमांड पडद्यावर तसं दाखवते, २०१६ पासून. सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा काहीजण उबुंटूवर आले आणि त्यांच्या छापील कागदावर 'उणे ई' (-e) उमटू लागलं. सेंटओएसवर एसएच या नावानं चालणारं शेल म्हणजे बॅशच; उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हे वेगळं शेल, आणि त्याच्या एको या मजकूर छापणाऱ्या कमांडला 'उणे ई' हा पर्याय कळत नाही, तो जसाच्या तसा छापतो. स्क्रिप्ट बॅशची असेल तर पहिल्या ओळीत बॅश लिहा आणि चालवतानाही एसएच म्हणू नका.

एखादी ओळखीची कमांड अचानक वेगळी वागली, तर तिच्या नावाआधी 'टाइप' लिहून विचारा. ते टोपणनाव आहे, फंक्शन आहे, शेलच्या आतलं आहे की डिस्कवरची फाइल, हे शेल स्वतः सांगतं. मला फोन करण्याआधी एवढं, आवृत्तीचा आकडा आणि बिघडणारी एकच ओळ काढून ठेवा.

आता माझ्या चाचणीच्या यादीत पहिलं नाव 'अमुक & सन्स' आहे. दुसऱ्यात अवतरणचिन्ह, तिसऱ्यात उलटी तिरकी रेघ, आणि मग शेतकऱ्यांची नावं.