चार सेकंद आणि पंधरा सेकंद

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये सहा मशीन, दिवसाला तीन शिफ्ट. त्यात इन्चार्ज सिस्टरनी सांगितलं, ट्रेनिंग मोबाइलवर येणार. रोज एक छोटा व्हिडिओ, खाली तीन प्रश्न. विषय, अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू. मनात म्हटलं, हे डॉक्टरांना शिकवा की! लिहितात ते, आम्ही नुसतं चढवतो.

युनिटच्या दारावर पाटी आहे, 'मोबाइल आत आणू नये'. ती योग्यच आहे, ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं फोन उचलणारे मी पाहिलेत. त्यामुळे धडे व्हायचे परतीच्या एसटीत, निम्मे खिडकीच्या खडखडाटात बुडालेले. व्हिडिओ मराठीत, प्रश्न मात्र इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात दोनदा नापास झाले.

चौथा धडा कॅथेटरचा, म्हणजे डायलिसिससाठी पेशंटच्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीचा होता. नळीच्या तोंडावरची टोपी काढली की प्रत्येक हब, म्हणजे जिथे मशीनची लाइन जोडतात ते तोंड, अँटिसेप्टिकनं १५ सेकंद घासायचा, सुकू द्यायचा, मगच लाइन जोडायची. हे मला बारा वर्षांपासून माहीत. दुसऱ्या दिवशी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत घासलं, तर माझा हात चार सेकंदांतच थांबला. चार! पुन्हा पहिल्यापासून घासलं. खुर्चीतले काका म्हणाले, "सिस्टर, आज भांडी काढलीत का घासायला?"

महिनाभरानं एका आजोबांना मशीनला लावल्यावर अर्ध्या तासात थंडी भरली, दात वाजायला लागले. आमची पद्धत ठरलेली: डॉक्टरांना फोन, ते म्हणणार "व्हँकोमायसिन द्या", की ते अँटिबायोटिक दिलं. या वेळी तोंडातून निघून गेलं, "सर, आधी कल्चर घेऊ का?" कल्चर म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला दाद देतो, हे लॅबमध्ये तपासणं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "घ्या, दोन सेट." हातावर टोचलं नाही, पुढच्या फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडतात, त्यासाठी) शिरा जपायच्या असतात. एक सेट कॅथेटरमधून घेतला, दुसरा डायलिसिसच्या सर्किटमधून. लॅब बंद व्हायला आली होती. मामा बाटल्या घेऊन अक्षरशः पळाले.

पहिला डोस व्हँकोमायसिनचाच गेला, रिपोर्टची वाट बघत बसण्यासारखी अवस्था नव्हती. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: स्टॅफायलोकोकस ऑरियस, पण साध्या सेफॅझोलिनला दाद देणारा. असा जंतू असेल तर सेफॅझोलिन व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं, आणि डायलिसिस संपताना देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे गट पाडले, त्यात सेफॅझोलिन पहिल्या, 'अ‍ॅक्सेस' गटात आणि व्हँकोमायसिन 'वॉच'मध्ये, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत. कल्चर पाठवलं नसतं तर आजोबांना पूर्ण कोर्स व्हँकोमायसिनचाच झाला असता. कॅथेटर मात्र बदलावाच लागला.

या घासण्यामुळे दुसरी शिफ्ट आता थोडी उशिरा लागते, त्यावरून कुरकुर आहे. सर्टिफिकेटही आलं. त्यात माझं आडनाव चुकलंय, दुरुस्तीला पाठवलंय.